राजवाड्याच्या बागेची नोंदवही: झाडं, वेली आणि रिकामी आळी

"आंबा 14, अशोक 22, नारळ 9, इतर 31." जुन्या राजवाड्यांच्या आवारातल्या झाडांची नोंद मागितली की बहुतेक ठिकाणी असा एखादा कागद पुढे येतो. त्यावरून झाडं किती ते कळतं, बाग कळत नाही. देवडीच्या दोन्ही अंगांना मोजूनमापून लावलेली बकुळीची जोडी आणि तटाच्या फटीत आपसूक रुजलेला पिंपळ, दोन्ही त्या कागदावर सारखेच. चौदा आंब्यांत कलमं किती आणि रायवळ किती, तेही समजत नाही. एखादं झाड पावसाळ्यात उन्मळून पडलं की तिथे काय होतं आणि का होतं, हे सांगणारं मागे काही उरत नाही.

राजवाड्यातलं झाड बहुतेक वेळा कोणीतरी विचार करून लावलेलं असतं. सावलीसाठी, पूजेच्या फुलांसाठी, खिडकीतून दिसावं म्हणून, पाहुण्यांना परदेशी झाड दाखवायचं म्हणून. म्हणून नोंदीत तीन गोष्टी यायलाच हव्यात: जात, नेमकी जागा, आणि ते तिथे का आहे याचा पुरावा. तिसरी गोष्ट मिळवायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो आणि नेमकी तीच वगळली जाते. पुढची पद्धत महाराष्ट्रातले राजवाडे आणि जुनी मराठी संस्थानं डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. गावातला मोठा वाडा किंवा जुना बंगला असला तरी तीच चालेल.

आधी परवानगी

आवार कोणाच्या ताब्यात आहे ते प्रथम पाहा. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडची वास्तू असेल तर 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो, राज्य संरक्षित स्मारकांना महाराष्ट्राचा 1960 चा कायदा. बाकी अनेक राजवाडे विश्वस्त संस्थांकडे किंवा घराण्याकडेच आहेत. कोणीही असो, परवानगी लेखी घ्या आणि तिच्यात चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: आवारात फिरणं, छायाचित्रं काढणं, झाडांना क्रमांकाच्या पट्ट्या बांधणं, आणि ओळखीसाठी फांदीचा नमुना घेणं. तोंडी "या की, बघा" एवढ्यावर फांदी तोडली तर पुढचं सगळं काम अडू शकतं.

शहरी हद्दीतल्या झाडांसाठी 1975 चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात 2021 साली दुरुस्ती होऊन 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' हा दर्जा मिळाला. वयाचा पुरावा नीट जमवण्याला त्यामुळे एरवीपेक्षा जास्त महत्त्व आलं आहे. उद्या तोडीचा प्रस्ताव आला तर "फार जुनं झाड आहे हो" या वाक्यापेक्षा तारीख असलेलं एक जुनं छायाचित्र कितीतरी जास्त कामाला येईल.

टेप हातात घेण्याआधी कागद

बागेत पाऊल टाकण्याआधी वास्तूची कालरेषा एका पानावर मांडा. कधी बांधली, कधी जळली किंवा पाडली, कोणी राहिलं, सरकारजमा कधी झाली. या रेषेवरून झाडांबद्दलचे कितीतरी दावे घरबसल्या तपासता येतात. शनिवारवाडा घ्या. 1732 साली त्याची वास्तुशांत झाली आणि 1828 च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. आज आत दिसणारी हिरवळ नंतर केलेली आहे, पेशव्यांच्या बागेचा तो अवशेष नव्हे. हजारी कारंज्याची जागा आणि पाण्याची व्यवस्था मात्र मूळची. अशा ठिकाणी झाडांपेक्षा पाण्याचे मार्ग जुन्या बागेबद्दल जास्त सांगतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले राजवाडे वेगळे. कोल्हापूरचा नवा राजवाडा 1884 मध्ये पूर्ण झाला. बडोद्याचा लक्ष्मी विलास 1890 मध्ये. दोन्हींचे मूळ आराखडे चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुरचनाकाराचे. लक्ष्मी विलासच्या आवाराची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्लंडच्या उद्यानरचनाकाराने केली, आणि 1893 मध्ये गुस्टाव्ह क्रुम्बिगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ गायकवाडांच्या चाकरीत आला. तो आधी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात होता, पुढे म्हैसूर संस्थानात जाऊन त्याने बंगळूरच्या लालबागेचं काम पाहिलं. बागेमागे असा नाव माहीत असलेला माणूस असेल तर त्याने इतरत्र केलेल्या बागांतली झाडंही पाहावीत. एकच जात, तशाच मांडणीत, दोन्हीकडे दिसली तर आपल्या बागेतली रांग कोणाच्या हातची असावी याचा अंदाज घट्ट होतो.

कागद कुठे शोधायचे? पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. कोल्हापूरलाही पुराभिलेखागार आहे. घराण्याच्या खाजगी दप्तरात खर्चाच्या वह्या असतात. "बाग" या शब्दावर थांबू नका. माळ्यांचा रोजमुरा, मोटेचे बैल, शेणखत, कुंड्या, दोरखंड, रोपांची गाडीभाडी, विहिरीची दुरुस्ती या खर्चाच्या बाबी पाहा. रोपांची यादी क्वचित मिळते, पण कुठल्या वर्षी खर्च एकदम वाढला ते मिळतं आणि बाग कधी घडली ते त्यातून उमगतं. जुने कागद मोडीत असतील तर वाचक गाठा. अंदाजाने वाचलेली मोडी झाडाच्या नावात फार घोळ घालते.

घराण्याच्या अल्बममधली छायाचित्रं सर्वांत मोलाची. लग्न, दरबार, शिकारीवरून परतणं, मोटारीपुढे उभं कुटुंब: माणसांच्या मागे झाडं असतात. प्रत्येक छायाचित्रावर साल, दिशा आणि मागची ओळखता येणारी वास्तू (कमान, जिना, सज्जा) लिहा. मग त्याच जागी उभं राहून तसंच छायाचित्र आज काढा. दोन्ही शेजारी ठेवली की कोणतं झाड तेव्हा होतं, कोणतं नव्हतं, कोणतं गेलं, हे डोळ्यांनी दिसतं. उपग्रहचित्रांकडून फार अपेक्षा नको. गूगल अर्थवर मागे जाता येतं, पण आपल्याकडे ते साधारण 2000 नंतरचंच.

नकाशा: मोबाइलवर विसंबू नका

मोबाइलचा जीपीएस उघड्यावर तीन ते पाच मीटरपर्यंत चुकतो आणि दाट पानोळ्याखाली त्याहून जास्त. तीन मीटरवर एक अशी लावलेली सुरूची रांग त्यावर टिपली तर नकाशावर झुडपांचा घोळका दिसेल. विस्तीर्ण आवारात ढोबळ जागेसाठी जीपीएस ठीक आहे. रचलेल्या बागेत टेपच हवी.

सोपी रीत अशी. इमारतीच्या जोत्याचे दोन पक्के कोपरे निवडा, त्यांना क आणि ख म्हणा. 50 मीटरच्या फायबर टेपने क पासून झाडापर्यंतचं आणि ख पासून झाडापर्यंतचं अंतर घ्या. कागदावर त्या मापाचे दोन कंस काढले की ते जिथे छेदतात तिथे झाड. कंस दोन ठिकाणी छेदतात, म्हणून झाड कख रेषेच्या कुठल्या बाजूला आहे तेही लिहा. अंतर खोडाच्या सालीपर्यंत मोजलं जातं, त्यात खोडाची त्रिज्या मिळवायची. 314 सेंटीमीटर घेराच्या झाडाची त्रिज्या 50 सेंटीमीटर होते, आणि एवढा फरक रांग सरळ आहे की वाकडी हे ठरवायला पुरेसा असतो. कोपरा निवडताना नंतर जोडलेल्या खोल्या, पत्र्याचे आडोसे, तिकीटघर टाळा. वीस वर्षांनी ते तिथे नसतील.

आवाराचे विभाग वास्तूच्या रचनेनुसार पाडा: पुढचं प्रांगण, रस्त्याच्या दोन्ही कडा, आतला चौक, जनान्याची बाग, देवघराचा परिसर, मागची फळबाग, विहीर आणि पाट, तबेल्याचा भाग, हद्दीची भिंत. चौरस चौकटी आखून केलेले विभाग जंगलात उपयोगी पडतात. राजवाड्यात ते एका रांगेचे दोन तुकडे करतात.

नकाशावर आणखी एक खूण हवी, रिकाम्या जागेची. दगडी कड्याचं मोकळं आळं, कापलेला बुंधा, रांगेतली अचानक मोठी फट, वेलीविना उभा लोखंडी मांडव, सुकलेला पाट, माती भरलेला हौद. यांनाही क्रमांक द्या. बारा आळ्यांच्या रांगेत सात झाडं उरली असतील तर नोंद बारा आळ्यांची करायची. पुन्हा लागवड करायची वेळ येईल तेव्हा नोंदीचा सगळ्यांत उपयोगी भाग हाच ठरेल.

क्रमांक आणि पट्ट्या

विभागाचं अक्षर आणि पुढे आकडा: प-017, फ-042. एकदा दिलेला क्रमांक झाड मेल्यावर दुसऱ्याला कधीही देऊ नका. त्याच आळ्यात नवं रोप लावलं तरी त्याला नवा क्रमांक द्यायचा आणि "प-017 च्या जागी" असा शेरा लिहायचा.

सालीवर रंगाने आकडे काढू नयेत आणि जुन्या झाडांना खिळे ठोकू नयेत, हे माझं ठाम मत. काम चालू असताना सुती दोरीने बांधलेली पट्टी पुरते. कायमची हवी असेल तर ॲल्युमिनिअमची पातळ पट्टी ताणणाऱ्या स्प्रिंगने बांधा आणि दरवर्षी सैल करा. नायलॉनची दोरी काही वर्षांत सालीत रुतते आणि मग ती काढताना झाड दुखावतं. नकाशा चांगला असेल तर पट्टीविनाही भागतं.

मोजमापं

घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटर (साडेचार फूट) वर घ्यायचा. त्या उंचीची एक काठी करून सोबत ठेवा, दरवेळी अंदाज नको. उतारावर चढाच्या बाजूने उंची धरा. झाड कललेलं असेल तर खोडाच्या कलाने 1.37 मीटर मोजा आणि टेप खोडाला काटकोनात गुंडाळा. त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा असेल तर तो टाळून जरा वर किंवा खाली मापा, आणि प्रत्यक्ष कुठे मापलं ते लिहा. 1.37 च्या खालीच खोड दुभंगलं असेल तर प्रत्येक खोडाचा घेर वेगळा. सावरीसारख्या आधारमुळांच्या झाडाचा घेर मुळांच्या फाळक्या संपतात त्याच्या वर.

वडाला हे नियम पुरत नाहीत. मूळ खोड, जमिनीत रुजून खोडासारख्या झालेल्या पारंब्या, आणि लोंबणाऱ्या पारंब्या असे तीन गट करा. रुजलेल्यांची संख्या आणि प्रत्येकीचा घेर द्या, लोंबणाऱ्यांचा नुसता उल्लेख पुरे. पुष्कळदा मूळ खोड कुजून गेलेलं असतं आणि पारंब्यांचं वर्तुळ तेवढं उरतं. मग मधल्या रिकाम्या जागेचा व्यास लिहा.

उंचीसाठी कोनमापक घ्या, नसेल तर मोबाइलवरचं साधं ॲप. झाडापासून 20 मीटरवर उभं राहून शेंड्याचा कोन 35 अंश आला तर 20 ला 0.70 ने (35 अंशांच्या टॅन्जंटने) गुणा, 14 मीटर. त्यात डोळ्यांची उंची, समजा 1.5, मिळवली की 15.5 मीटर. जमीन सपाट असेल तर आणखी सोपं: जिथून शेंडा 45 अंशांत दिसतो तिथवर मागे जा, मग झाडापर्यंतचं अंतर अधिक डोळ्यांची उंची म्हणजेच झाडाची उंची. डेरेदार झाडांत जवळची फांदी शेंडा वाटते, म्हणून दोन दिशांनी मापावं. पानोळ्याचा विस्तार पूर्व–पश्चिम आणि उत्तर–दक्षिण असा दोनदा मोजा. सरासरी काढलीत तरी मूळ दोन्ही आकडे ठेवा, कारण इमारतीच्या बाजूने दरवर्षी छाटलेलं झाड त्यातूनच ओळखू येतं.

वडा-पिंपळाखाली टेप लावण्याआधी वर पाहा. आग्यामोहोळ असेल तर ते झाड त्या दिवशी सोडून द्या.

ओळख पटवणं

स्थानिक नाव लिहाच, पण एकट्या त्याच्यावर नोंद उभी करू नका. राजवाड्यांच्या यादीत 'अशोक' सर्रास सापडतो. तो सीतेचा अशोक (साराका असोका) आहे की खोटा अशोक (मोनून लाँगिफोलियम)? नारिंगी फुलांचे झुबके येणारा पहिला, कडा लहरी असलेल्या लांब पानांचा दुसरा. खोट्या अशोकातही जुन्या बागांतला पसरट, सावली देणारा आणि हल्ली कुंपणाला लावतात तो खांबासारखा सरळसोट, असे दोन प्रकार दिसतात. लागवडीचा काळ ठरवताना हा फरक उपयोगी पडतो. 'चाफा' तर त्याहून अवघड. देवचाफा, सोनचाफा, कवठी चाफा, नागचाफा, हिरवा चाफा, भुईचाफा. यांत झाडं आहेत, झुडूप आहे, वेल आहे आणि जमिनीखालचा कंदही आहे.

शास्त्रीय नाव नोंदवहीत रोमन लिपीत, आजच्या मान्य रूपात लिहा आणि शेजारी जुनं नावही द्या. नावं बदलतात. सोनचाफ्याचं जुन्या याद्यांत मिशेलिया चंपाका असतं, आज तो मॅग्नोलिया चंपाका. मधुमालती पूर्वी क्विस्क्वालिस होती, आता कॉम्ब्रेटम. गुलमोहर जुन्या कागदांत पॉइन्सियाना या नावाने येतो. हे माहीत नसेल तर 1900 च्या सुमाराच्या यादीतलं झाड आजच्या बागेत समोर उभं असूनही सापडत नाही. क्यू उद्यानाच्या प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या संकेतस्थळावर जुनं नाव टाकलं की आजचं मिळतं.

फोटोवरून नाव सांगणारी ॲप दिशा दाखवायला बरी. पण लागवडीच्या जाती, संकर आणि परदेशी शोभेची झाडं यांत ती हमखास अडखळतात आणि राजवाड्यांत नेमकी तीच असतात. म्हणून प्रत्येक झाडाचे ठरलेले फोटो घ्या: संपूर्ण झाड इमारतीसह, खोडाची साल, पानाच्या दोन्ही बाजू, पानं फांदीला कशी जोडली आहेत ते, फूल समोरून आणि बाजूने, फळ किंवा शेंग, बुंध्याचा भाग. फोटोत मोजपट्टी असावी. पान तोडून चीक येतो का, कसला रंग, चुरडल्यावर वास कसला, हे फोटोत उतरत नाही, ते लिहायचं.

शंका उरलीच तर परवानगीने नमुना घ्या. फुलांसह किंवा फळांसह एक डहाळी वर्तमानपत्रात दाबा, सुरुवातीला कागद रोज बदला. सुकल्यावर साधारण 42 बाय 28 सेंटीमीटरच्या जाड कागदावर शिवा, आणि चिठ्ठीवर झाडाचा क्रमांक, जागा, तारीख, फुलांचा ताजा रंग लिहा. पाऱ्याचं विष लावण्याची जुनी पद्धत घरी करू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून काही दिवस खोल गोठणपेटीत (डीप फ्रीझरमध्ये) ठेवलं तरी कीड मरते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लाटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, अशा ठिकाणच्या जपलेल्या संग्रहांशी नमुना ताडून पाहता येतो.

फळबागेत जातीखेरीज आणखी एक गोष्ट पाहा. आंब्याच्या बुंध्याशी, जमिनीपासून हातभर अंतरात, सालीचा पोत बदलणारी आडवी रेषा किंवा फुगवटा आहे का? ती कलमाची खूण. म्हणजे ठरावीक जातीचं रोप मुद्दाम आणून लावलं होतं. रायवळ झाडं बियांपासूनची, त्यांतलं प्रत्येक वेगळं. घराण्यात किंवा माळ्यांत त्यांना स्वतंत्र नावं असतात, ती जशीच्या तशी टिपून ठेवा. ते झाड गेलं की ती चवही जाते, त्यामुळे अशा झाडापुढे "कलम बांधून ठेवावं" हा शेरा लगेच लिहा.

जे झाड नाही ते

बहुतेक नोंदी झाडांवर संपतात. बागेचा स्वभाव मात्र झुडपं, वेली, कंद आणि कुंड्यांमध्ये असतो, आणि दुर्लक्ष झालं की सर्वांत आधी तेच नाहीसं होतं. देवघराजवळची तगर, कण्हेर, अनंत, पारिजातक, जास्वंदीचे जुने प्रकार, जनान्याच्या बागेतली जाई, जुई, कुंद, मोगरा, रातराणी, कमानीवरची मधुमालती, कुंपणाची मेंदी. झुडपं एकेक मोजण्यात अर्थ नाही. वाफा हे एकक धरा: वाफ्याची लांबी–रुंदी, त्यातल्या जाती, प्रत्येकीने साधारण किती भाग व्यापला आहे. कुंपणासाठी लांबी, उंची, आणि मध्ये तुटलेले भाग. वेलींसाठी आधार काय आहे ते आवर्जून लिहा, कारण जुना लोखंडी मांडव अनेकदा वेलीपेक्षा जुना असतो.

कंदांसाठी वर्षात एक खेप पुरत नाही. भुईचाफा उन्हाळ्यात पानांच्या आधी जमिनीतून फुलतो, पावसाळ्यात पानं दिसतात आणि हिवाळ्यात त्या जागी नुसती माती. डिसेंबरात केलेल्या नोंदीत तो असणारच नाही, आणि नोंदीत नसलेला वाफा कोणीतरी खणून टाकेल. म्हणून किमान चार खेपा ठरवा. फेब्रुवारी–मार्चमध्ये पानगळीमुळे फांद्यांचा सांगाडा दिसतो, पळस, पांगारा, सावर फुललेले असतात. एप्रिल–मे बहावा, ताम्हण, गुलमोहर आणि कंदांसाठी. जुलै–ऑगस्टमध्ये नेचे, लिलीचे कांदे, झाडांवर वाढणाऱ्या आमरी (ऑर्किड). ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये बुच आणि सप्तपर्णी. एखादी खेप संध्याकाळी करा. रातराणी आणि ब्रह्मकमळ रात्रीची फुलतात, गोरखचिंचेची फुलंही तिन्हीसांजेला उमलतात आणि त्यांवर वटवाघळं येतात.

आपोआप उगवलेल्या वनस्पतींना वेगळा रकाना हवा. तटाच्या सांध्यातले पिंपळ, उंबर, नांद्रुक. मोकळ्या जागेतली सुबाभूळ आणि घाणेरी. भिंतीतल्या रोपाची जागा, खोडाची जाडी आणि दगड किती सरकले आहेत ते लिहा, पण ओढून काढू नका. मुळं सांध्यात खोल गेली असतील तर ओढताना दगडच निघतो. ते काम वास्तू जपणाऱ्या जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावं.

वय: दोन टोकं बांधा

"तीनशे वर्षांचं झाड" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक राजवाड्यात ऐकायला मिळतं. त्याला हसू नका आणि तसंच लिहूनही घेऊ नका. घेराला ठरावीक आकड्याने भागून वय काढण्याची युरोपातली युक्ती इथे चालत नाही. आपल्याकडे वाढ पाऊस, माती आणि माळ्याच्या पाण्यावर बदलते, आणि हौदाकाठचा आंबा माळावरच्या आंब्याच्या दुप्पट जाड होऊ शकतो. गोरखचिंचेच्या प्रचंड घेरावरून वय सांगणं तर फारच धोक्याचं, आतून ती पोकळ असते. रॉयल पामसारख्या ताडकुळातल्या झाडांचं खोड इतर झाडांसारखं वर्षागणिक जाड होत जात नाही. त्याच्यावरच्या कड्या म्हणजे गळलेल्या झावळ्यांच्या खुणा, त्या वर्षं दाखवत नाहीत.

त्याऐवजी दोन तारखा शोधा: "याच्या आधीचं असू शकत नाही" आणि "याच्या नंतरचं असू शकत नाही". पहिलीसाठी जातीचा इतिहास कामी येतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, त्याला शास्त्रीय नाव मिळालं 1829 मध्ये. पेशवाई 1818 मध्ये संपली होती. पेशव्यांनी लावलेला गुलमोहर ही कथा इथेच थांबते. अमेरिका खंडातून आलेले पर्जन्यवृक्ष, कैलासपती, मेहगनी, बोगनवेल यांच्याबाबतही हाच प्रश्न आधी विचारावा. झाड कट्ट्याच्या आत नीट सामावलं असेल तर कट्ट्याचं साल, आणि कट्टा फोडून बाहेर आलं असेल तर ते आधीचं की नंतरचं, हे दगडकामावरून ताडता येतं. दुसऱ्या टोकासाठी तारीख माहीत असलेली छायाचित्रं, नकाशे, समारंभाच्या पाट्या. पुण्याचा आगाखान पॅलेस 1892 चा, आणि 1942 ते 1944 या काळात गांधीजी तिथे स्थानबद्ध होते. महादेवभाई आणि कस्तुरबांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. अशा जागेची त्या वर्षांतली छायाचित्रं अनेकांनी जपलेली असतात. त्यात दिसणारं मोठं झाड आज उभं असेल तर 80 वर्षांहून जास्त वय निर्विवाद ठरतं.

नोंदीत "1892 ते 1943 दरम्यान लावलेलं" असं लिहिलेलं वय ऐकायला रुबाबदार नसतं, पण ते कोणी खोडून काढू शकत नाही.

माळीमामांशी बोलणं

दोन-तीन पिढ्या एकाच आवारात काम केलेली माळी कुटुंबं अजून काही ठिकाणी आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन मुलाखतीला बसू नका, त्यांच्यासोबत फिरा. "मामा, हे झाड किती वर्षांचं?" असं विचारलं की उत्तर गोल मिळतं. "तुम्ही कामाला लागलात तेव्हा हे केवढं होतं?", "इथे आधी काय लावलेलं होतं?", "पाणी कुठून सोडायचे?", "या झाडाची फुलं कुठे जायची?" असं विचारलं की एकेक जागा बोलू लागते. फुलं वाड्यावर कोणत्या सणाला जात, कोणत्या आंब्याची पाटी कोणाकडे पाठवली जाई, कोणतं झाड कापायला राणीसाहेबांनी मना केलं होतं, अशा गोष्टी कोणत्याही दप्तरात नसतात. परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करा, सांगणाऱ्याची ओळख नोंदवायची का तेही त्यांनाच विचारा. ऐकीव माहिती आणि कागदावरची माहिती वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. दोन्ही जुळल्या तर उत्तम, नाही जुळल्या तरी दोन्ही राहू द्या.

प्रकृतीचा रकाना

इथे "चांगलं / मध्यम / वाईट" असे शेरे टाळा, दिसतं ते लिहा. बुंध्याशी कडक अळंबी, साल सुटलेला भाग, ढोलीची उंची आणि दिशा, बांडगूळ किती फांद्यांवर, वाळवीची माती, वाळलेला शेंडा. माणसाने केलेल्या गोष्टी वेगळ्या: बुंध्यापर्यंत आलेले फरशीचे ब्लॉक, नंतर बांधलेला पार आणि त्यात भरलेली माती, खोडाला आवळलेल्या रोषणाईच्या तारा, ढोलीत भरलेलं सिमेंट. ढोली दिसली की ती बुजवायची शिफारस करू नका. सिमेंटने कूज थांबत नाही, आणि त्या ढोलीत पिंगळ्याचं बिऱ्हाड असू शकतं. जुनं झाड वाटेवर कललं असेल तर "ताबडतोब तपासणी हवी" अशी खूण करून व्यवस्थापनाला त्याच दिवशी लेखी कळवा. नोंदवही पूर्ण होईपर्यंत थांबू नका.

नोंद कशी ठेवावी

साधी एक्सेलची वही पुरे. एका ओळीत एक झाड किंवा एक वाफा किंवा एक रिकामं आळं. रकाने: क्रमांक, विभाग, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, ओळख कोणी पटवली आणि कितपत खात्री आहे, क आणि ख पासूनची अंतरं, घेर व मापाची उंची, उंची, दोन विस्तार, लावलेलं की आपोआप उगवलेलं, मांडणीतलं स्थान (रांग, जोडी, एकटं, कुंपण), वयाची दोन टोकं, पुरावा, माळ्यांची माहिती, प्रकृती, फोटोंची नावं, तारीख, नोंदवणाऱ्याचं नाव. 'मांडणीतलं स्थान' हा रकाना कोणत्याही तयार तक्त्यात नसतो, तो स्वतः घाला. फोटोच्या फाइलला झाडाचा क्रमांक आणि तारीख द्या, मोबाइलने दिलेलं नाव ठेवू नका. नकाशा संगणकावर आणायचा असेल तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं.

छापील प्रत मालकाकडे, एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, एक जिल्ह्याच्या ग्रंथालयात. चंदन किंवा दुर्मिळ आमरींची नेमकी जागा सगळ्यांसाठी खुल्या प्रतीत देऊ नका, चोरीला निमंत्रण मिळतं.

त्यानंतर दरवर्षी पावसाळा संपल्यावर एक फेरी: काय पडलं, काय नवं लावलं, कुठे छाटणी झाली. घेर पाच वर्षांनी पुन्हा, त्याच उंचीवर. झाड पडल्याची खबर आली तर लाकूड उचलण्याआधी पोहोचा. बुंध्याचा फोटो मोजपट्टीसह घ्या, मुळं कुठल्या दिशेने तुटली ते टिपा, जिवंत डहाळ्या मिळाल्या तर कलमासाठी ओल्या फडक्यात गुंडाळून माळ्याकडे द्या. साग असेल तर बुंध्याची एक चकती कापून मागून घ्या. सागाची वर्षवलयं स्पष्ट दिसतात, चकती घासून गुळगुळीत केली की ती मोजता येतात. एका रांगेतल्या एका सागाचं वय असं हाती आलं तर त्याच रांगेतल्या उभ्या झाडांच्या वयाच्या रकान्यातही तो पुरावा क्रमांकासह लिहून ठेवा.